भाच्याला घेऊन बेलूर मठात, १२ जानेवारी

माझं सदाशिव पेठेत झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे स्वामी विवेकानंदांशी माझा संबंध तसा जुना आणि पूर्णपणे धंद्याचा. दर जानेवारीत पहिल्या आठवड्यात कुठल्या ना कुठल्या अभ्यासिकेतली पोरं येतात, काका तो हाताची घडी घातलेला फोटो ए-थ्रीत कलर काढा, खाली ‘उठा, जागे व्हा’ टाका आणि लॅमिनेशन पण करा. बारा तारखेला विवेकानंद जयंती आणि त्याच दिवशी जिजाऊ जयंती असते म्हणून बऱ्याच जणांना दोन फोटो हवे असतात, मग दोन्ही एकाच शीटमध्ये पाठीला पाठ लावून लॅमिनेट केले तर किती कमी घ्याल असा हिशोब सुरू होतो. इतकी वर्षं तो फोटो काढतोय पण त्यातल्या माणसाबद्दल मला शिकागो आणि भगवे कपडे यापलीकडे काही माहीत नव्हतं, खोटं कशाला बोला.

तर झालं असं की माझा भाचा तीन वर्षं पुण्यात राज्यसेवेचा अभ्यास करतोय. कॉट बेसिसवर राहतो, अभ्यासिका, मेस, बस्स. १ डिसेंबरची पूर्व परीक्षा झाली आणि आन्सर की बघून त्याला कळायचं ते कळलं. त्यानंतर पोरगं बोलेनासंच झालं. ताईचा बार्शीहून रोज फोन, अरे त्याला कुठंतरी घेऊन जा, घुम्यासारखा झालाय. दुकानात एक गिऱ्हाईक म्हणाले कलकत्त्याजवळ बेलूरला विवेकानंदांचा मठ आहे, तिथे बारा जानेवारीला युवा दिन असतो, मुलांना घेऊन जा, पोरं पेटून उठतात. म्हटलं चला, मी पण कलकत्ता बघितलं नाही. भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, अभ्यासिकेत तो फोटो रोज माझ्या डोक्यावरच असतो, आता त्यांच्या घरी पण जायचं?" पण आला.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

संध्याकाळी पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस. नगर, मनमाड करत रात्र. ताईने एसटीने डबा पाठवला होता, धपाटे, शेंगाची चटणी आणि दही. भाच्याने दोन धपाटे नुसते गिळले, तिसरा घेतला, चौथा घेतला. मी म्हटलं मेसवाल्याने उपाशी ठेवलंय का रे. तो हसला नुसता. मला तेव्हा काही वाटलं नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

अख्खा दिवस गाडीत. सकाळी नागपूर, मग गोंदिया, दुपारनंतर छत्तीसगड. नागपूरला संत्री घेतली. नागपुरात धंतोलीला रामकृष्ण मठ आहे १९२८ पासूनचा, मराठीत यांची बरीच पुस्तकं तिथूनच निघतात, हे समोरच्या बर्थवरच्या आजोबांनी सांगितलं. आजोबा रिटायर्ड शिक्षक, आणि त्यांना माहिती सांगायला माणूस हवा होता, माझ्यासारखा. त्यांनीच सांगितलं की राष्ट्रीय युवा दिन सरकारने १९८४ मध्ये जाहीर केला आणि ८५ पासून साजरा होतोय, पण मठ स्वतः जयंती तिथीने करतो, पौष वद्य सप्तमीला, जी यंदा २१ जानेवारीला येते. म्हणजे एका माणसाचे दोन वाढदिवस, एक पोरांचा आणि एक संन्याशांचा. आपल्याकडे शिवजयंतीला तारीख की तिथी यावरून काय काय होतं ते आठवून मी गप्प बसलो, यांनी दोन्ही ठेवून प्रश्नच मिटवला.

आजोबांचं अजून एक. विवेकानंद जन्मले त्या १८६३ साली १२ जानेवारीला संक्रांत होती म्हणे. संक्रांत हळूहळू पुढे सरकते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, मी आपला चौदा तारीख धरून बसलेलो. भाचा वरच्या बर्थवरून म्हणाला, "अयनांश." त्या सरकण्यामागचं कारण, तेवढा एक शब्द. दिवसभरात तेवढाच.

११ जानेवारी, शनिवार

पहाटे अंधारातच हावडा. बाहेर आलं की समोर पूल, फोटोत बघितलेला तोच. थंडी पुण्याइतकीच पण झाडून सगळे माकडटोपीत, टॅक्सीवाला सुद्धा. बेलूरला मठापासून चालत दहा मिनिटांवर लॉज मिळाला, गिझर नव्हता पण बादलीभर गरम पाणी आणून द्यायचे, चाललं.

दुपारी म्हटलं आधी जन्मस्थान बघू. बेलूरहून टोटो (आपली ई-रिक्षा, इकडे टोटोच म्हणतात), मग गंगेवरच्या पुलावरून पलीकडे दक्षिणेश्वर, तिथून मेट्रोने गिरीश पार्क. गौरमोहन मुखर्जी स्ट्रीट म्हणजे बोळच. ३ नंबरचं घर. हे घर पार मोडकळीला आलेलं, रामकृष्ण मिशनने ताब्यात घेऊन, डागडुजी करून २००४ मध्ये लोकांना खुलं केलं. मोठं घर आहे हो! मी मनात गरीब संन्यासी धरून गेलेलो, तर वडील विश्वनाथ दत्त हायकोर्टात अ‍ॅटर्नी, घरात गाणंबजावणं, खाणंपिणं, चैन. बाहेर रस्त्यावर दुसऱ्या दिवशीची तयारी चाललेली, झेंडूच्या माळा, माइक टेस्टिंग, आणि एक माणूस शिडीवर चढून पुतळा धूत होता. नुसता पाण्याने नाही, कानामागे घासून, लहान पोराला आंघोळ घालतात तसा. भाचा ते बराच वेळ बघत उभा होता.

तिथून जवळच नकुडचं संदेशचं दुकान आहे. थंडीत नोलेन गूड येतो, म्हणजे खजुराच्या रसाचा नवा गूळ. ‘जलभरा’ नावाचा संदेश असतो, वरून आपला साधा पेढ्यासारखा, पण आत पातळ गूळ भरलेला, चावला की पिचकारी. माझ्या शर्टावर उडाली. भाचा दोन महिन्यांनी मोकळा हसला ते या पिचकारीला, विवेकानंदांचा अजून काही संबंध नाही.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी लॉजमधून बाहेर पडलो तर रस्ता पोरांनी भरलेला. शाळांच्या शाळा. पांढरे शर्ट, कुणाच्या गळ्यात ढोल, कुणाकडे बॅनर, पुढे बँड, एनसीसीवाले, आणि मधूनमधून छोटे विवेकानंद. चार-पाच वर्षांची पोरं, भगवी कफनी, भगवा फेटा, हाताची घडी. एक विवेकानंद फूटपाथवर बसून कुरकुरे खात होता, फेटा घसरून डोळ्यांवर आलेला, आणि आई सारखी त्याला घडी घाल, घडी घाल करत होती, तो दोन सेकंद घडी घालायचा आणि परत पुडीत हात. मला फोटो काढायचा होता पण तोवर गेट आलं आणि मठात आत फोटो काढायला मनाई आहे. खरं सांगू, बरं वाटलं. इतकी हजारो तरुण पोरं एका जागी आणि एकाच्याही हातात फोन वर नाही, असं दृश्य आता कुठं बघायला मिळतं.

मठ म्हणजे हुगळीच्या (इकडे तिलाही गंगाच म्हणतात) काठावर चाळीस एकर. जागा १८९८ मध्ये घेतली आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला गुरू रामकृष्ण परमहंसांच्या अस्थींचा कलश विवेकानंदांनी स्वतः खांद्यावरून इथं आणला. मधलं मोठं देऊळ लांबून बघितलं की कळतच नाही हे काय आहे, एका बाजूने चर्च वाटतं, वरचे घुमट बघितले की मशीद नाहीतर राजस्थानातला महाल, दारावरची कमान बौद्ध लेण्यासारखी, आणि आत हिंदू देऊळ. हे मुद्दाम असं केलंय. कल्पना विवेकानंदांची आणि नकाशाचं काम त्यांचे गुरुबंधू स्वामी विज्ञानानंद यांचं, जे संन्यास घेण्याआधी सरकारी नोकरीत इंजिनिअर होते. आणि ते इंजिनिअरिंग शिकले कुठं? पुण्यात! आताच्या सीओईपीत, म्हणजे आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजात. हे मला तिथल्या पुस्तकाच्या स्टॉलवरच्या ब्रह्मचाऱ्याने सांगितलं, मी पुण्याचा म्हटल्यावर. मी शिवाजीनगरवरून रोज जातो त्या भिंतीशेजारून, कधी कुणी बोललं नाही. विवेकानंद १९०२ मध्ये गेले, देऊळ पूर्ण झालं १९३८ ला, संक्रांतीच्या दिवशी, १४ जानेवारीला, आणि त्याची प्रतिष्ठा याच विज्ञानानंदांनी केली, तेव्हा ते म्हातारे झाले होते आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले. भाचा म्हणाला, "म्हणजे प्रोजेक्ट मंजूर होऊन चाळीस वर्षं." मी म्हटलं हो, आणि तुझी तीन झालीत. बोलून गेलो आणि जीभ चावली. पण त्याने काही मनावर घेतलं नाही असं दिसलं.

मांडवात कार्यक्रम. गाणी, संस्कृत श्लोक, स्वागत, मान्यवर. भाषणं बरीचशी बंगालीत, थोडी इंग्रजी-हिंदीत. मी प्रामाणिकपणे सांगतो, पहिला तास मला झोप आली. युवाशक्ती, राष्ट्रनिर्माण, लोखंडाचे स्नायू आणि पोलादाच्या नसा, हे सगळं मी इतक्या वेळा टाइप करून दिलंय की बंगालीतसुद्धा कळत होतं. भाचा मांडी घालून बसलेला, पुढच्या पोराच्या मानेकडे बघत. पेटून वगैरे काही उठलेला नव्हता.

मग विद्यार्थ्यांची भाषणं आली. एक मुलगी उठली, कॉलेजची असेल, बारीक, चष्मा, हातात कागद पण नाही. ती बोलायला लागल्यावर मांडवातला आवाज कमी झाला ते मला कळलं, काय बोलतेय ते कळेना. शेजारी मेदिनीपूरचे एक मास्तर पोरांना घेऊन आलेले, ते हिंदीत हळूहळू सांगत गेले. ती शिकागोबद्दल बोलतच नव्हती. ती १८८४ बद्दल बोलत होती. त्या वर्षी फेब्रुवारीत वडील अचानक गेले आणि मागे निघालं कर्ज. भाऊबंदांनी घरावर दावा लावला. हा नरेन (विवेकानंदांचं घरचं नाव), एकवीस वर्षांचा, बीए झालेला, घरात आई आणि लहान भावंडं, आणि हा उन्हात ऑफिसं पालथी घालत हिंडतोय, अर्ज हातात, पायात धड वहाण नाही, आणि सगळीकडून नकार. मित्र लांब झाले. सकाळी बघायचा घरात सगळ्यांना पुरेल इतकं नाही, मग आईला सांगायचा की आज मला जेवायचं आमंत्रण आहे, आणि बाहेर पडायचा. आमंत्रण बिमंत्रण काही नसायचं.

मास्तर एवढं सांगून थांबले. मुलगी पुढे बरंच बोलली, मास्तर ऐकण्यात गुंगले आणि भाषांतर राहिलं. मी भाच्याकडे बघितलं. तो आता त्या पोराच्या मानेकडे बघत नव्हता, स्टेजकडे पण नाही. खाली बघून चटईची एक काडी तोडत होता, तोडून झाली की दुसरी.

दुपारी खिचडी. भोगाची खिचडी म्हणजे तांदूळ, भाजलेली मुगाची डाळ, बटाटा, फ्लॉवर, आपल्या मुगाच्या खिचडीपेक्षा पातळ आणि वरून तुपाचा वास, सोबत टोमॅटोची गोड चटणी. बादल्या घेऊन वाढणारी सगळी कॉलेजची पोरं. भाच्याने तीन वेळा घेतली. वाढणारा तिसऱ्यांदा आला तेव्हा न विचारताच पळी ओतून पुढे गेला.

नंतर विवेकानंदांची खोली बघितली. वरच्या मजल्यावर, गंगेकडे तोंड, पलंग, वस्तू, सगळं जसंच्या तसं. ४ जुलै १९०२ ला याच खोलीत गेले, वय ३९. माझं आता ४७. खाली अंगणात आंब्याचं झाड आहे, त्याखाली ते बसायचे. आणि इथे आपले टिळक! १८९२ मध्ये विवेकानंद पुण्यात टिळकांच्या घरी आठ-दहा दिवस राहिले होते, मुंबईहून पुण्याला येताना रेल्वेच्या डब्यात ओळख झाली एवढ्यावर. तेव्हा नाव विचारलं तर नुसतं संन्यासी सांगायचे. मग १९०१ च्या डिसेंबरात टिळक काँग्रेससाठी कलकत्त्याला आले तेव्हा इथे मठात भेटायला आले. मठातल्या लोकांच्या आठवणींत असं सांगतात की टिळकांनी जायफळ, जायपत्री, वेलची, लवंग, केशर घालून चहा केला आणि सगळ्यांना पाजला. लोकमान्य चहा करतायत आणि संन्यासी रांगेत बसलेत, हे चित्र कुणी ए-थ्रीत मागितलं तर मी फुकट लॅमिनेट करून देईन.

संध्याकाळी आरती. दिवसाचे ढोल, माइक, मान्यवर सगळं गेलेलं. मोठ्या देवळात दगडी फरशीवर शेकडो माणसं बसलेली आणि एकदम सगळे गायला लागले, ‘खंडन भव बंधन’, विवेकानंदांनीच रचलेलं. पखवाजासारखा ठेका, संन्यासी आणि टोटोवाले एकाच सुरात. मला शब्द येत नव्हते पण दुसऱ्या कडव्यापासून मीही नुसता आकार लावला. दिवसभराच्या कार्यक्रमापेक्षा ही पंधरा-वीस मिनिटं मला जास्त आवडली, आयोजकांनी रागवू नये.

१३ जानेवारी, सोमवार

मठाच्या घाटावरून लाँचने दक्षिणेश्वर. पौष पौर्णिमा, त्यामुळे गर्दी. राणी रासमणीने कालीचं हे देऊळ १८५५ मध्ये बांधलं, नऊ शिखरांचं, नदीच्या बाजूला शंकराची बारा देवळं एका रांगेत. राणी खालच्या मानल्या गेलेल्या जातीतली म्हणून पुजारी मिळायची मारामार, मग रामकृष्णांचे थोरले भाऊ तयार झाले, त्यांच्यामागे रामकृष्ण आले. कोपऱ्यात त्यांची खोली आहे. आम्ही रांगेत दोन तास. रांगेतच मी भाच्याला राहिलेली गोष्ट सांगितली, काल स्टॉलवर पुस्तक घेऊन रात्री वाचलेली. नोकरी मिळेना तेव्हा नरेन रामकृष्णांकडे आला की तुमच्या देवीला सांगा, घरचं काहीतरी बघा. ते म्हणाले तूच जाऊन माग. हा रात्री आत गेला आणि विवेक, वैराग्य, ज्ञान, भक्ती मागून बाहेर आला. रामकृष्णांनी विचारलं पैशाचं बोललास का, नाही म्हणाला, परत जा म्हणाले. असं तीनदा. तिसऱ्यांदाही मागता आलं नाही, लाज वाटली. शेवटी रामकृष्णच म्हणाले, बरं, तुझ्या घरी साध्या अन्नवस्त्राला कमी पडणार नाही.

भाचा म्हणाला, "मला नसती लाज वाटली."

दर्शन झालं, बाहेर येऊन हिंगाची कचोरी आणि बटाट्याची भाजी घेतली, मातीच्या भांड्यात चहा, आणि घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. समोर पाण्यात बायका दिवे सोडत होत्या. मी कचोरी खात होतो आणि तो कुठलीही प्रस्तावना न करता बोलायला लागला. ऑक्टोबरपासून त्याने मेस एक टाइम केली होती. रात्रीचं बंद. टेस्ट सिरीजचे पैसे भरायचे होते आणि बाबांकडे मागायला नको वाटत होतं, सोयाबीनचं सगळं अवघडच होतं. ताईचा रात्री नऊला फोन आला की सांगायचा, जेवलो, आज मेसला मटकी होती. मेनू रूममेटला विचारून ठेवायचा. "काल ती मुलगी बोलली ना मामा, मला वाटलं हिला कुणी सांगितलं."

माझं दुकान त्याच्या रूमपासून चालत सात मिनिटांवर आहे. रोज संध्याकाळी तो नोट्सच्या झेरॉक्स घ्यायला यायचा, मी त्याच्याकडून पैसे घ्यायचो नाही आणि त्यावर खूश होतो. समोरच वडापावची गाडी आहे. एकदाही विचारलं नाही. मी काय बोलणार, अजून दोन कचोऱ्या आणल्या. थोड्या वेळाने म्हटलं रात्रीचा डबा घरून आणत जाईन दुकानात, मामी असंही जास्तच करते. तो म्हणाला पैसे देईन. मी म्हटलं, स्पायरलचे सोडून सगळे दे.

परत येताना लाँचमध्ये गार वारा. पलीकडे बेलूरचं देऊळ उन्हात पिवळं दिसत होतं. त्याने विचारलं, ते पुण्यात शिकलेले इंजिनिअर, त्यांचं नाव काय म्हणालात? मोबाइलमध्ये लिहून घेतलं. कशाला ते सांगितलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सकाळी परत मठात जाऊन आलो, गंगेवर धुकं, काठाकाठाने आंघोळी. पिशवीतले ताईचे तिळगूळ होते ते लॉजच्या मालकाला दिले, गोड बोला हे हिंदीत नीट सांगता येईना, तर भाच्याने इंग्रजीत सांगितलं. मालकांनी उलट पाटीसापटा दिला, मैद्याच्या पातळ धिरड्यात खोबरं आणि तोच खजुराचा गूळ गुंडाळलेला. संक्रांतीला त्यांच्याकडे अशा गोड पदार्थांचे, पिठे म्हणतात त्यांचे, नाना प्रकार.

गाडी रात्रीची. हावडा स्टेशनवर पाय ठेवायला जागा नाही, गंगासागरचे यात्रेकरू, शिवाय प्रयागराजला कुंभ सुरू झालेला, डोक्यावर बोचकी, काखेत पाण्याचे कॅन. कसेबसे डब्यात शिरलो. सामान लावून भाच्याला जागेवर बसवला आणि मी खाली उतरून पुरी-भाजी शोधायला गेलो, दोन स्टॉल फिरावे लागले.

परत आलो तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि तो खिडकीशी बसून फोनवर बोलत होता. गर्दीमुळे जरा मोठ्यानेच बोलत होता म्हणून मला दारातूनच ऐकू आलं.

"नाही गं आई, अजून नाही जेवलो. मामा आणायला गेलाय."